डोलिना लोकांना हेल्साला पाठवते

एका हातानं शर्टावर इस्त्री फिरवत आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून डोलिना मॅकआस्किल सांगत होती, "बूट आणा. साधे नाही, घोट्याच्या वर येणारे. उतरायची जागा शेवाळलेली असते. नाही हो, धक्का कुठला तिथं, नुसता खडक आहे. संडास नाही. दुकान नाही. झाडसुद्धा नाही एक. हो, सुंदर आहे, फार सुंदर आहे. गुरुवारी सकाळी आमच्या धक्क्यावर या. गुरुवारी समुद्र खाली बसेल."

फोन ठेवून तिनं कॉलर उलटी केली आणि तिच्यावर इस्त्री दाबली. शर्ट तिच्या नवऱ्याचा, टॉर्कलचा. टॉर्कल आदल्या दिवशी स्टॉर्नोवेच्या इस्पितळात वारला होता आणि हा शर्ट त्याला शवपेटीत घालायचा होता.

टेबलापाशी पेगी ॲन बटाटे सोलत बसली होती. टॉर्कलची धाकटी बहीण ती. तिचा हात थांबला.

"कोण होतं?"

"हॉलंडची बाई. एकटीच आहे. पक्षी बघायचेत म्हणाली."

"आणि तू काय सांगितलंस तिला?"

"गुरुवार."

"डोलिना, गुरुवारी आपण टॉर्कलला नेतोय ना."

डोलिनानं इस्त्री उभी करून ठेवली. खिडकीतून समुद्राकडं बघितलं. मग म्हणाली, "हो. गुरुवारीच जमेल. शुक्रवारी लाट परत चढणार आहे."

आता अशी चूक दुसरं कोण करणार? दुसऱ्या कुठल्या बाईनं नवरा गेल्यावर फोन उचललाच नसता. पण डोलिनाचं लग्न झाल्यापासून एवढंच चाललेलं. स्कॉटलंडच्या हॅरिस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर त्यांचं घर, घरासमोर समुद्र आणि समुद्रात पार लांब दुसरं बेट, हेल्सा. नुसते कडे, गवत आणि मेंढरं. टॉर्कल हेल्सावर जन्मला. तिथली शाळा बंद पडली तेव्हा माणसं पण बेट सोडून उठली, टॉर्कल तेव्हा आईच्या कडेवर होता. मोठा झाल्यावर त्यानं होडी घेतली आणि उन्हाळ्यात बाहेरच्या लोकांना तिकडं फिरवून आणायला लागला. तो होडीत, डोलिना फोनपाशी. कुठल्या दिवशी जायचं, वारा कुठून आहे, भरती कधी, खडकावर पाय कुठं टाकायचा, कड्याच्या कडेला का जायचं नाही, कुठल्या महिन्यात कुठले पक्षी, सगळं तीच सांगायची. फोनवरची माणसं विचारायची, तुम्ही तिथल्याच का? ती म्हणायची, नवरा तिथला.

ती स्वतः कधी गेलीच नव्हती. एकदाही नाही. उन्हाळ्यात फोनपाशी कुणीतरी पाहिजे, वसंतात मेंढ्या व्यायच्या, हिवाळ्यात तिथं होडी लागत नाही. असं करता करता ती म्हातारी झाली. टॉर्कल दरवर्षी म्हणायचा, यंदा नेतो तुला. ती म्हणायची, बघू.

"तिला फोन कर आणि नाही म्हणून सांग," पेगी ॲन म्हणाली.

"नंबर घेतला नाही."

"नाव तरी?"

"हॉलंड एवढंच कळलं."

पेगी ॲननं बटाटा पाण्यात टाकला. "धन्य आहे बाई तुझी. हॉलंडला तार करू का?"

डोलिना हसली नाही, रागावलीही नाही. ती शर्टाची बटणं लावत होती. त्या आठवड्यात ती अशीच होती. रडली नाही की काही नाही. चहा दिला की प्यायची, बस म्हटलं की बसायची. फक्त हेल्साला जायचं काही निघालं की तिचं डोकं चालायला लागायचं, आणि ते मात्र एकदम चोख.

कारण टॉर्कलला हेल्सालाच पुरायचं होतं, त्याच्या बापाशेजारी. तसं तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. आणि हेल्साला माणूस पुरायचा म्हणजे गंमत नाही. शवपेटी होडीतून त्या शेवाळलेल्या खडकावर चढवायची, तिथून खांदे बदलत कबरस्तानापर्यंत न्यायची, आणि भरती फिरायच्या आत माणसं परत आणायची. रविवार देवाचा, त्या दिवशी तर आमच्याकडं कुणी कपडेसुद्धा वाळत घालत नाही, होडी कुठली काढणार. लाट जरा जास्त असली तर पेटी घेऊन माघारी यायचं. हे सगळं डोलिनानं ठरवलं. कुणाला विचारलं नाही. होडी गावातल्या ॲंगसची, कारण टॉर्कलची आता लहान पडली असती. खांद्याला कोण, होडीत पुढं कोण, मागं कोण. पेटी खड्ड्यात सोडायच्या दोऱ्या कुणाकुणाच्या हातात द्यायच्या तेही. मुलगा नव्हता, म्हणून डोक्याकडची दोरी टॉर्कलचा चुलतभाऊ नॉर्मन याला.

नॉर्मन संध्याकाळी आला. चर्चमधला मोठा माणूस, प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी उभा राहणारा. माणूस वाईट नाही. टॉर्कल इस्पितळात होता तेव्हा रोज येऊन कोळसा भरून जायचा, न सांगता. पण बोलायला लागला की वाटतं, किटली घालावी याच्या डोक्यात.

डोलिनानं त्याला सगळं सांगितलं. तो मान हलवत होता. शेवटी ती म्हणाली, "आणि मी पण येते, नॉर्मन."

नॉर्मननं कप खाली ठेवला. "कुठं?"

"हेल्साला. जागा आहे. मी मोजलीय."

"आपल्यात प्रेताबरोबर बायका धक्क्यापर्यंतच येतात, डोलिना."

"मला माहितेय."

"माझी आई पुरायला गेली नाही. टॉर्कलची आई गेली नाही, ती तर तिथलीच होती."

पेगी ॲन मधे पडली. "उन्हाळाभर परक्या बायका तिथं थडग्यांवर बसून सँडविच खातात. आमच्या बापाच्या थडग्यावर खातात. ते चालतं तुम्हाला. आणि ही नको."

"त्या फिरायला जातात," नॉर्मन म्हणाला. "आपण पुरायला चाललोय."

"मग हिला पण फिरायला न्या."

"पेगी ॲन, घरात प्रेत यायचंय. तोंड सांभाळ."

दोघं डोलिनाकडं बघायला लागले. तिनं जरा जोर केला असता तर नॉर्मन कदाचित वाकला असता. कोळसा भरणारा माणूस होता शेवटी. पण डोलिना म्हणाली, "बरं," आणि त्याचा कप उचलून धुवायला नेला. धुतला, पुसला, परत धुतला.

पेटी घरी आली, शेजारीपाजारी आले, पुढच्या दोन संध्याकाळी स्तोत्रं झाली. डोलिना भिंतीशी खुर्चीवर. कुणी हात धरला की धरू द्यायची. कुणी म्हणालं, बाई, आता तुझं कसं होणार. ती म्हणाली, वारा उत्तरेला वळला की चांगलं होईल.

आणि गुरुवारी वारा उत्तरेला वळला. समुद्र खाली बसला, तिनं सांगितलं होतं तसा.

पेटी घरातून उचलली तसं ज्या खुर्च्यांवर ती ठेवलेली त्या कुणीतरी लाथेनं उलट्या पाडल्या, तशी पद्धतच आहे. पुरुष खांदे बदलत खाली निघाले. बायका मागं. धक्क्याशी बायका थांबल्या. तिथं कुणी रेघ मारलेली नाही, पण सगळ्या एका जागी थांबल्या, आणि डोलिना त्यांच्यात सगळ्यात पुढं.

ॲंगस होडीत उभा होता. त्याला सगळे खेकडा म्हणतात. लॉबस्टर धरतो म्हणून नाही, चर्चमध्ये उशिरा येतो आणि आडवा आडवा सरकत मागच्या बाकावर जाऊन बसतो म्हणून. पेटी आत घेतली, माणसं डोलिनानं सांगितलेल्या जागांवर बसली. मागं डाव्या बाजूला एक जागा रिकामी राहिली.

"इथं कोण?" ॲंगस ओरडला.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

"इथं कोण बसणार होतं? होडी एका अंगाला झुकतेय."

डोलिनानं जागा स्वतःला धरून मोजल्या होत्या. नॉर्मन नाही म्हणाल्यावर बदलायला विसरली.

ॲंगसनं तिच्याकडं बघितलं. कळलं त्याला. म्हणाला, "मावशी, मला इकडं वजन पाहिजे. तुम्ही बसता का?"

नॉर्मन होडीतच होता, पेटीच्या डोक्याशी. तो डोलिनाकडं बघत नव्हता, पेटीकडं बघत होता. आणि त्यानं नाही म्हटलं नाही. हे सगळ्यांनी बघितलं. पेगी ॲननं डोलिनाच्या पाठीला हात लावला, हळूच पुढं ढकलल्यासारखा.

तेवढ्यात वरून रस्त्यावरून कुणीतरी पळत आलं. पिवळा कोट, पाठीवर बोचकं, गळ्यात दुर्बीण, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. हॉलंडची बाई. धापा टाकत म्हणाली, "उशीर झाला का मला?" मग तिला पेटी दिसली. तिचा हात तोंडावर गेला.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून फिरून डोलिनावर आल्या. आणि डोलिना जागी झाल्यासारखी झाली, पण चुकीच्या बाजूला. तिच्यातली फोनवाली बाई जागी झाली. ती हॉलंडच्या बाईकडं वळली आणि म्हणाली, "माफ करा. माझी चूक झाली. आजची फेरी होणार नाही. चला, तुम्हाला सूप देते." मग मान वळवून ॲंगसला म्हणाली, "तिथं दगड ठेव."

"मावशी."

"दगड ठेव, ॲंगस. भरती फिरेल."

दोघांनी धक्क्यावरचा एक मोठा दगड उचलला आणि मागं डाव्या बाजूला ठेवला. होडी सरळ झाली.

ॲंगस म्हणतो, आयुष्यात त्याला त्या दगडाएवढी लाज कशाची वाटली नाही. जाताना सगळी माणसं त्या दगडाकडं पाठ करून बसली. नॉर्मनसुद्धा.

डोलिना बाईला घेऊन घरी आली. उलट्या पडलेल्या खुर्च्या सरळ केल्या, त्यातल्या एकीवर तिला बसवलं. मटण आणि बार्लीचं सूप पुढं ठेवलं. बाई बिचारी रडत होती, म्हणत होती, मला ठाऊक नव्हतं हो. डोलिना म्हणाली, "तुम्हाला कसं ठाऊक असणार. मीठ बघा, बरोबर आहे का."

मग बाईला बरं वाटावं म्हणून असेल, डोलिनानं तिला हेल्सा सांगितलं. खडकावर उतरलं की डाव्या हाताला पायवाट लागते. आधी कबरस्तान, मग पडकी घरं, टॉर्कलच्या बापाचं घर शेवटचं. तिथून चढण. वर गेलं की पश्चिमेला नुसता कडा, खाली बघायचं तर पोटावर झोपून बघायचं. पक्षी इतके की वाराच पांढरा दिसतो. ती एका सुरात बोलत होती, वेळापत्रक वाचून दाखवल्यासारखी.

बाईनं विचारलं, "तुम्हाला आज जायचं नव्हतं का?"

"जायचं होतं," डोलिना म्हणाली.

दोघींनी सूप संपवलं.

होडी भरती फिरायच्या आत परत आली. सगळं तिनं आखलं होतं तसं झालं, कुणाचा पाय घसरला नाही, दोऱ्या सगळ्यांनी एकसारख्या सोडल्या. नॉर्मन दारात उभा राहून म्हणाला, "चांगली जागा आहे, डोलिना. बापाच्या अगदी जवळ." मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "तू बसली असतीस तर मी काही बोललो नसतो."

"मला दिसलं ते," डोलिना म्हणाली. "आत ये. डंपलिंग आहे."

ॲंगस दुसऱ्या दिवशीच आला. "मावशी, चला, आज नेतो. पुरणं झालं, आता फिरायला जायला कुणाच्या बापाची बंदी आहे?"

"आज लाट आहे."

होतीच. शनिवारी ती म्हणाली, उद्या रविवार, परत यायला उशीर झाला तर? सोमवारी वारा. पुढच्या आठवड्यात एका चांगल्या दिवशी ॲंगस होडी चालू करूनच वर आला, तर तिनं त्या दिवशी ग्लासगोच्या चार जणांचं बुकिंग घेऊन ठेवलेलं. "तुलाच धंदा," म्हणाली. टॉर्कल गेल्यापासून फेऱ्या ॲंगसच करतो, पण फोन अजून तिच्याकडंच येतो.

"त्यांच्याबरोबर चला मग. मागं जागा आहे."

"आणि फोन?"

"फोन गेला खड्ड्यात."

"असं म्हणू नये, ॲंगस. लोक वर्षभर पैसे साठवून येतात."

पेगी ॲननं शेवटी सगळ्यांना दम दिला, सोडा तिला. लोक म्हणतात, म्हातारीला खरं तर जायचंच नव्हतं. ते लोक मूर्ख आहेत. मी तिच्या ओट्यावर बसून तिला फोनवर बोलताना ऐकलंय. हो, सुंदर आहे, फार सुंदर आहे, असं म्हणताना ती डोळे मिटते. उन्हाळा गेला, दुसरा आला. ती अजून गेलेली नाही.

ॲंगस पूर्वी कधीमधी टॉर्कलच्या होडीवर मदतीला जायचा. त्यानं मला यंदा सांगितलं. वर चढून गेल्यावर टॉर्कल प्रत्येक वेळी पाहुण्यांना कड्याजवळच्या एका सपाट खडकापाशी थांबवायचा आणि म्हणायचा, ही माझ्या बायकोची आवडती जागा. ती माझ्याबरोबर इतक्यांदा इथं आलीय की आता कंटाळली. लोक त्या खडकावर बसून फोटो काढायचे. डोलिनाला हे कुणी सांगितलेलं नाही.