करवंटीतली कुर्पा

"बाई, तुम्ही पेशंटचं मूल बाटवलंत?"

दवाखान्यात पाऊल टाकते न टाकते तोच डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"साहेब, ख्रिस्ती मूल ख्रिस्तीच केलं. ह्याला बाटवणं म्हणतात होय?"

साहेबांनी दाराबाहेर बोट दाखवलं. बाहेर बाकावर बाळाची आजी, नातालीन माय. तिचीच तक्रार. "त्यांचं समाधान करा," साहेब म्हणाले, "नाहीतर तुमच्या बदलीचं मला वर कळवावं लागेल."

मी तेव्हा सरकारी मिडवाइफ, म्हणजे ट्रेनिंग घेतलेली सुईण. शेजारी गोव्यात अजून पोर्तुगीज होते. आमच्या हद्दीतल्या देवबाग गावात मायच्या सुनेला मुलगा झाला तो निळा, रडेचना. माय पाद्रीला आणायला होडीकडे धावली. मी बाळाच्या तोंडातला चिकटा काढतेय, पाठ चोळतेय, तर बाळंतीण माझा हात धरून म्हणते, "बाये, पाणी घाल गो. तसोच जाव नको तो."

पाणी म्हणजे बाप्तिस्मा. त्याने मुलाला देवाची कृपा मिळते. त्यांच्या बोलीत कुर्पा. जीवच जात असेल तर पाणी कुणीही घातलं तरी चालतं, हे मला मिशनच्या इस्पितळात सिस्टरनी शिकवलेलं. हाताशी आली ती करवंटी. घागरीत बुडवली, पित्याच्या, पुत्राच्या नि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणत डोक्यावर ओतली. गार पाणी लागलं मात्र, पोराने जी बोंब ठोकली!

माय आली तेव्हा पोर दूध पीत होतं. कुणालाही आनंद व्हावा. पण मायने बाप्तिस्म्यासाठी बँड ठरवलेला, डुक्कर पोसलेलं, जहाजावरून पादिन, म्हणजे धर्मपिता, यायचा होता. आता त्याने येऊन करायचं काय?

तेव्हा दवाखान्यातून मी मायला घेऊन थेट इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, पाद्रींकडे गेले.

"पाद्री, ह्या हिंदू बायच्या करवंटीतली कुर्पा माका नको. परतून घाला पाणी."

"माय, बाप्तिस्मा एकदाच. कुर्पा देवाची, हात कोणाचेय असूदेत. ती फुकट गावता, कमवूची लागणा नाय."

"फुकट गावता म्हणान कोणाकडसूनय घेवची?"

"इगर्जीत तेल लावया, जिभेर मीठ ठेवया. बाकी रवलेले विधी करूया."

"पाणी नाय, नुसता तेल-मीठ? माझो नातू काय बांगडो?"

पाद्री खोकल्याच्या निमित्ताने आत गेले. मी हळूच म्हटलं, "माय, बँडाक कोणी नको म्हटल्यानी?"

"बँड वाजतलो?"

"वाजतलो."

"पादिनाच्या हातात मेणबत्ती?"

"असतली."

मायने पदर खोचला. मग म्हणाली, "तर मग जावंदे."

तेल-मीठ झालं, बँड वाजला, डुक्कर कापलं. तक्रार मागे घेतली, बदली टळली. साहेबांनी विचारलं, "त्यांना धर्मशास्त्र पटलं वाटतं?"

"नाही साहेब. बँड पटला."

पुढल्या बाळंतपणाला मायने मलाच बोलावलं. खाटेशी चांदीचा पेला, पाण्याने काठोकाठ, वर नक्षीचा रुमाल. "गरज लागली तर ह्यातला घाल हां. करवंटी नको."

पेला मी उचलून लांब फळीवर ठेवला. बाळंतिणीच्या खाटेशी काठोकाठ भरलेलं भांडं हमखास सांडतं. सुईणीने आपली करवंटीच हाताशी ठेवावी.