पळसपानांखालच्या बरण्या

ओल्या पळसपानांचा वास आला की चिमूरजवळचा तो तलाव आठवतो. तलावाचं पाणी भरून, त्यात उन्हानं प्लास्टिकचे कण तोडणारी पूड घालून मी काचेच्या बरण्या तलावाच्या पाळीवर ठेवल्या होत्या. जेवून परतले, तर तिथल्या एका मासेमार बाईंनी त्या ओल्या पळसपानांनी झाकलेल्या. "उन्हानं मासोळीचं बीज मरून जाते, पोरी," त्या म्हणाल्या. "बीज नाही, बाई. झिजलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचा चुरा आहे, तो तोडायला ऊनच लागतं." त्यांनी बरणी डोळ्यांपुढे धरली. "हे मासोळीच्या पोटात जाऊन राह्यलं का?" मी होकार दिला. त्यांनी एकेक पान काढलं, आणि झाडाची सावली येईल तशा बरण्या उन्हात सरकवत संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. आता प्रयोगशाळेत उन्हाऐवजी बरण्यांवर लावलेला दिवा जागचा हलत नाही, तरी दुपार कलली की माझा हात बरणी सरकवायला जातोच.