जयदेवकाकांची लाल लाईन

जयदेव साळवे आनंदनगरच्या एका पंप कारखान्यात डिस्पॅच सांभाळायचे. कुठल्या गिऱ्हाइकाचा पंप कुठे अडकलाय ते त्यांना विचारायचं, अशी सगळ्यांना सवयच होती. २००५ च्या दिवाळीनंतर त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. हात-पाय हळूहळू सुधारले, शब्द मात्र गेले. पेपरातली अक्षरं दिसायची, पण जुळायची नाहीत. पाणी हवं असलं की तोंडून 'चावी' निघायचं.

कारखान्याच्या क्वालिटी खात्यातली नीलिमा त्यांना भेटायला बदलापूरला गेली. ती नवी होती तेव्हा सगळा कारखाना तिला त्यांनीच फिरवून दाखवला होता. त्यांची बायको माया चहा ओतत म्हणाली, "साधा शब्द येत नाही गं, पण स्टेशनं घडाघडा म्हणतात."

जयदेवकाका लाजले. मग डोळे मिटून म्हणाले, "कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर." आणि स्वतःच हसले.

नीलिमाकडे तेव्हा कामाच्या पद्धतीचे तक्ते करायचं काम होतं. तिचे चौकोन नि बाण कोणी बघतसुद्धा नव्हतं. तिने ते बाजूला ठेवून रेल्वेसारखा नकाशा काढला. नव्या पंपाची हिरवी लाईन, दुरुस्तीला आलेल्या पंपाची लाल. प्रत्येक टप्प्याला स्टेशनाचा गोल आणि त्यात चित्र: खोलायला पाना, रंगाला ब्रश, पॅकिंगला खोका. दोन्ही लाईनी टेस्टिंगला एकत्र येऊन पुन्हा फुटत होत्या.

रविवारी तिने तो काकांपुढे पसरला. त्यांचं बोट लाल लाईनीवरून सरकत गेलं आणि टेस्टिंगपाशी थांबलं.

"कल्याण," ते म्हणाले.

"बरोबर, काका. कल्याणला लाईनी मिळतात नि फुटतात ना, तसं आपलं कल्याण म्हणजे टेस्टिंग."

"टेस्टिंग," काका म्हणाले. माया पदराने डोळे पुसत आत गेली.

काकांना कामावर परत घ्यायला मॅनेजर समीर प्रधान सुरुवातीला तयार नव्हते. "डिस्पॅचला दिवसभर फोन असतात, नीलिमा."

"डिस्पॅच नको, सर. फक्त दुरुस्तीची लाईन द्या. मी शेजारीच बसते."

प्रधानांनी नकाशावरची लाल लाईन बोटाने शेवटपर्यंत धरून पाहिली. "बघू महिनाभर," म्हणाले.

नकाशा भिंतीवर लागला. पंप पुढे सरकला की काका त्याची टाचणी पुढच्या गोलात टोचायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक जुना पंप चुकून नव्यांच्या खोक्यात भरायला लावला. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. नीलिमाने आपली पोळी-भाजी त्यांच्यापुढे सरकवली आणि ती शेजारीच बसली. दुसऱ्या दिवशी काका येतात की नाही, याची तिला धाकधूक होती. ते आले.

पुढे वांगणीचा एक शेतकरी आपला पंप विचारत आला. काकांनी त्याला भिंतीपाशी नेलं, ब्रशच्या चित्रावर बोट ठेवलं. "इथं," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "उद्या."

शेतकऱ्याने पुढचा गोल मोजला. "म्हणजे एकच स्टेशन राहिलं की."

काकांनी समाधानाने मान हलवली.

बोलणं पूर्ण कधीच परत आलं नाही. डिस्पॅच दुसऱ्याकडेच राहिलं. लाल लाईन मात्र रिटायर होईपर्यंत काकांची होती. संध्याकाळी माया विचारायची, "काय झालं आज?" ते चपला काढता काढता सांगायचे, "वांगणी. पंप. गेला." त्या तीन शब्दांवर ती एकेक प्रश्न विचारत जायची, ते मान हलवायचे, आणि स्वयंपाक होईपर्यंत त्यांचा अख्खा दिवस तिला कळलेला असायचा.