बाहेरच्याला तीन पानं

फुआतिनोच्या हाताला गुण होता. सवाईई बेटाच्या आमच्या टोकाला यावर वाद घालणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कोयता पोटरीत घुसो, प्रवाळाच्या खडकानं तळवा फाटो, नाहीतर भट्टीच्या तापल्या दगडांवर पोर पडो, आधी फुआतिनो आणि मग पाद्रीबाबा असा आमचा क्रम. ती पाला खुडून आणायची, तळहातावर रगडायची आणि जखमेवर थापायची. पैसे घेतले की हात मरतो म्हणून पैसे घेत नसे. कुणी तारोच्या कंदांची टोपली ठेवून जाई, कुणी माशांचा डबा.

त्या पाल्यात चार पानं असत. तीन गावाला ठाऊक होती: कुंपणावर माजणारा वेल, नोनूचं कोवळं पान आणि हळदीचं पान. चौथं कुठलं ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. फुआतिनोच्या आईनं जाताना ते तिच्या कानात सांगितलं आणि वर बजावलं, "रक्ताच्या एकीलाच सांग. बाहेरच्यानं मागितलं तर तीन दे, एक मागं ठेव." आमच्याकडं पाला जाणणारी प्रत्येक बाई असंच करते आणि त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. फुआतिनोला मुलगी नव्हती. दोन्ही मुलगे ऑकलंडला, भाचीही तिकडंच, तिला पाल्याचं काय कौतुक! म्हणून चौथं पान म्हातारीपाशीच राहिलं.

आणि मग घरातच दुखणं आलं. तिचा नवरा इओसेफो म्हणजे धिप्पाड गडी, चर्चमध्ये त्याचा खर्ज लागला की पुढच्या बाकावरची पोरं मागं वळून बघत. धाकट्यानं ऑकलंडहून बूट पाठवले, ते घालून हा रविवारी मिरवला आणि टाचेला फोड आला. बस्स, एवढंच. पण अंगात साखर मुरलेली. फोड फुटला, त्याची जखम झाली आणि जखमेला खड्डा पडला.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी टाच बघितली आणि त्यांचा चेहराच उतरला. "बाबा, इथं राहावं लागेल. रोज साफ करायचं, सुया घ्यायच्या. घरी बसलात तर पाय जाईल."

"राहतो की," इओसेफो म्हणाला. "पण पट्टीखाली माझ्या म्हातारीचा पाला पाहिजे. एकेचाळीस वर्षं माझ्या अंगावरचा ओरखडा न् ओरखडा तिनं भरलाय. तिचा हात नसेल तर मीही नाही."

"न तपासलेलं काही मी जखमेवर लावू देणार नाही."

"मग तपासा!"

सोबत सिएनी होती, इओसेफोच्या थोरल्या भावाची मुलगी. ती समुद्रापलीकडं राजधानीत, आपियाला, प्रयोगशाळेत कामाला. ती म्हणाली, "मी तपासून आणते. दहा दिवस द्या. पाल्यात दम निघाला तर लावू द्याल?" डॉक्टरीणबाईंनी जरा विचार केला. म्हणाल्या, "कागद आणा, लावू देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिएनी पिशवी घेऊन फुआतिनोच्या परसात उभी राहिली. "काकू, काचेच्या बशीत आम्ही कातडीचे बारके कण वाढवतो. त्यावर ओरखडा काढायचा, तुझा रस सोडायचा आणि ओरखडा किती लवकर भरतो ते बघायचं."

"अगं बये! बशीला जखम करायची आणि बशीलाच औषध लावायचं?"

"माणसाला करण्यापेक्षा बरं ना! बरं, सगळं दे हं. काही राहू देऊ नकोस."

फुआतिनोनं वेल दिला, नोनू दिलं, हळद दिली. चौथं झाड स्वयंपाकाच्या छपरामागं हाताच्या अंतरावर होतं. तिचा हात तिकडं वळलाही. पण सिएनी पडली नवऱ्याच्या भावाची पोर, आपल्या रक्ताची नव्हे. आई डोळ्यांपुढं उभी राहिली. शिवाय बशीला काय, तीन पानं पुरतील, असंही तिला वाटलं. "एवढंच," ती म्हणाली. सिएनी आनंदानं बोटीकडं पळाली.

दहा दिवसांनी ती इस्पितळात इओसेफोच्या खाटेपाशी परत आली ती मान खाली घालूनच. नुसत्या पाण्यानं जितकं भरतं तितकंच पाल्यानं भरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून नाही म्हणून मान हलवली.

"मग मी घरीच बरा," इओसेफो म्हणाला. "माझ्या बायकोला बशी नापास करते होय!"

फुआतिनोनं तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी तिच्यावर माया करतो, तरी हे सांगणारच. एक वाक्य बोलायचं होतं तिला. पण सिएनीपुढं लाज वाटली, आणि मनातून ती थोडी खूशही होती. यांनी अर्धवट औषध तपासलं, यांना काय कळणार? घरी चारही पानं लावीन, महिन्यात उठून चर्चला जाईल. पाय जाईल असं डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, तेही तिनं त्याच हिशोबात धरलं. ज्यांचा कागद चुकीचा, त्यांचं बोलणंही चुकीचं.

सकाळ-संध्याकाळ ती पाला बदलत राहिली. वरची कातडी लाल झाली तेव्हा नवं मांस धरतंय म्हणून तिला केवढा आनंद झाला! तिसऱ्या आठवड्यात पायाची करंगळी काळी पडली. मग वास यायला लागला. प्रार्थनेला येणारी माणसं दूरच्या खांबापाशी बसू लागली. शेवटी चौघांनी उचलून त्याला गाडीत घातलं. पाय गुडघ्याच्या वर कापला.

त्याच दिवशी इस्पितळाच्या अंगणात, उन्हात उभं राहून तिनं सिएनीला चौथं पान सांगितलं. कान नाही, कुजबुज नाही, भाजीचं नाव सांगावं तसं सांगितलं. "तुमच्या बशीत घाल," म्हणाली आणि रडायला लागली. सिएनीनं तिला जवळ घेतलं.

इओसेफो घरी आला. चटईवर बसून असे. कधी कधी नसलेल्या पायाची टाच खाजायची त्याला. "फुआ, टाच खाजतेय गं," असं तो म्हणाला की ती चटईवर जिथं टाच असती तिथं नखांनी खाजवायची. "हं, तिथंच," तो म्हणायचा आणि दोघं हसायची. तेवढंच हसू उरलं होतं त्या घरात.

दोन महिन्यांनी सिएनी आली. तिनं कागद फुआतिनोच्या मांडीवर ठेवला. आनंद तिला लपवता येईना आणि दाखवायचीही चोरी. "काकू, पास झालं. निम्म्या वेळात ओरखडा भरला. तीनतीनदा करून बघितलं."

"मग पहिल्यांदा काय धाड भरली होती?" इओसेफोनं विचारलं.

सिएनीनं काकूकडं बघितलं. फुआतिनोनं कागदाची घडी केली.

"मी एक पान कमी दिलं होतं."

"माझ्या पायासाठी मागितलं तेव्हा?"

"आईनं सांगितलं होतं रे. रक्ताच्या माणसालाच..."

"हे दिलं असतंस तर मी दवाखान्यात राहिलो असतो."

"हो."

"पाय राहिला असता."

"डॉक्टरीणबाई तसंच म्हणतात."

इओसेफोनं तोंड समुद्राकडं वळवलं. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "एकेचाळीस वर्षं," तो म्हणाला. "आणि मी बाहेरचाच?"

सिएनी निघून गेली. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला, भिंतींच्या जागी असलेले चटयांचे पडदे खाली सोडले. थोड्या वेळानं इओसेफोचा चेहरा आक्रसला, मांडीचं थोटूक हललं. फुआतिनोनं ओळखलं आणि हात पुढं केला. पण तो स्वतःच मोठ्या कष्टानं वाकला, चटईवरच्या त्या रिकाम्या जागेपर्यंत बोटं नेली आणि स्वतःची टाच स्वतःच खाजवत बसला.