भाऊ आहे का त्याला?

डीएनए तपासणाऱ्यांकडे एवढे किस्से कसे साठतात म्हणाल, तर भीतीपोटी! दिवसभराची धाकधूक घरी सांगता येत नाही, मग ती लॅबमध्ये चहाच्या वेळी किस्सा होऊन बाहेर पडते. अमरावतीला इतकी वर्षं काढली, पोतं भरेल एवढे जमलेत.

*

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. चांदूर रेल्वेच्या एका केसमध्ये चाकूवर दोघांचं रक्त मिसळलेलं. त्यातलं एक आरोपीचंच, कुणा परक्याचं नाही, या बाजूने पुराव्याचं वजन कोटीपट निघालं. मी खुशीत रिपोर्ट घेऊन आमच्या काळे मॅडमकडे गेलो. त्यांनी आकड्याकडे बघितलंही नाही.

"भाऊ आहे का त्याला?"

परक्याशी इतकं जुळणं अवघड, सख्ख्या भावाशी सोपं. हे मला पाठ होतं, पण हिशेबात घ्यायचं राहिलं! लगेच हवालदाराला फोन लावला.

"भाऊ? चार हायेत न साहेब! तुमी इचारलंच कुठी?"



*

वलगावच्या एका भाजीवाल्याच्या घरचा विळा आला होता. मुठीवरच्या घामात डीएनएच्या कुठल्याही जागी चारपेक्षा जास्त खुणा नाहीत. एका माणसाच्या फार तर दोन, म्हणजे माणसं दोन. तसं मी लिहूनही टाकलं. मॅडमनी पोलिसांना विचारायला लावलं, की घरात हा विळा कोण कोण वापरतं?

"मी, मालक अन् दोघी पोरी," भाजीवाल्याची बायको म्हणाली. "काहून?"

पोरींच्या सगळ्या खुणा आई-बापाच्याच असतात. त्यामुळे चौघं मिळूनही दोघांएवढीच दिसतात! तेव्हापासून घरातली वस्तू आली की मला घाम फुटतो.

*

आमचीच थुंकी नमुन्यात पडली तर कळावं म्हणून सगळ्या स्टाफचे डीएनए लॅबमध्ये ठेवलेले असतात. हिवरखेडच्या एका खुनातल्या सदऱ्यावरचा नमुना आमच्या वानखडेशी प्रत्येक जागी अर्धा जुळला. म्हणजे एक तर बाप, नाहीतर मुलगा! वानखडेचं गाव हिवरखेडच. तो खुर्चीत बसला तो उठेचना. शेवटी कसाबसा त्याने घरी फोन लावला.

"बाबा पंचनाम्याले पंच होते साहेब," तो रडत-हसत म्हणाला. "सदरा पिशवीत भरून राहिले तवा शिंकले म्हनते!"

*

आणि अकोल्याचं कोर्ट. आरोपी धाकटा भाऊ, दोन वर्षं आत. नमुन्यात मयत आणि आणखी एक जण, आणि आमचा पहिला रिपोर्ट धाकट्याच्या पार विरोधात. मी साक्षीत सांगितलं, की तो दुसरा माणूस धाकट्याचा सख्खा भाऊ धरला तर आकडा कोटीवरून शेकड्यात येतो. मोठ्या भावाचं रक्त तपासायला हवं. कोर्टाने तसा हुकूम दिला. एक निर्दोष सुटणार, या विचाराने मला हायसं वाटलं.

बाहेर त्या दोघांची आई भिंतीला टेकून उभी होती.

"साहेब, मोठ्याचं रगत घेतलं का नक्की समजून जाते?"

"बहुतेक समजेल, आई. घाबरू नका."

तिने पदर तोंडाशी धरला.

"आतापावतर," ती म्हणाली, "मले एकटीलेच मालूम होतं."