माडीवरचं अस्तर

“छप्पर बोलतं, आपण गप्प बसायचं,” हे चिमणकाकांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं हा माणूस चिमणीसारखा लोकांच्या छपरांवर वावरला, म्हणून चिमणकाका. काम सांगितलं की ते हातोडीला हात लावत नसत. आधी घरात येत, जमिनीवर आडवे होत, डोळे मिटत आणि ऐकत राहत.

शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या माडीवरही त्यांनी तेच केलं. बाईंची लेक तीन आठवड्यांचं बाळ घेऊन महिनाभर राहायला आली होती. पण वारा सुटला की कौलांखालचं अस्तर, म्हणजे पाणी अडवायला अंथरलेलं ते जाड कापड, असं फडफडे की बाळ दचकून टाहो फोडी. आधीचे दोन कारागीर खिळे ठोकून गेले होते. कापड फाटलं आणि फडफड वाढली. आता लेकीची पिशवी भरून दाराशी तयार होती. पाचची गाडी होती.

“आई, हे तर झोपले!” लेक कुजबुजली.

“झोपू दे. या खोलीत निदान एकाला तरी झोप लागली,” बाई म्हणाल्या.

“जागा आहे मी,” काका डोळे न उघडता म्हणाले. “खिडकीच्या वर, तिसरी पट्टी. तिथली कड सुटलीये.”

शिडी लागली. सात कौलं निघाली. काकांनी सुटलेली कड हाताने खेचली, खेच खेच खेचली, ताणून लाकडी पट्टीखाली दाबली आणि खाली ओरडले, “झालं!”

वारा आला. फडफड बंद होती, पण आता छप्पर ढोलासारखं घुमू लागलं. धब्ब! धब्ब! बाळाने पुन्हा सूर लावला. लेकीने पिशवी उचलली.

बाई खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या. “अहो काका, अस्तर असं ताणतात का? मी कोटाला असं अस्तर लावलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल! जरा सैल सोडा की.”

“बाई, चाळीस वर्षं मी...”

“छप्पर बोलतंय ना? मग गप्प बसून ऐका!”

काका गप्प बसले. कान लावला. मग हसू दाबत पट्टी उचलली, कापड बोटभर सैल सोडलं, कडेवर पट्टी बसवून लांब लांब अंतरावर चार खिळे मारले. कौलं जागेवर गेली.

वारा आला, छपरावरून सरपटत पलीकडे गेला. ना फडफड, ना धब्ब धब्ब. बाळाची मूठ हळूहळू उघडली.

लेकीने पिशवीतून एकेक लंगोट काढून पुन्हा दोरीवर टाकायला घेतले. बाई खुर्चीत बसल्या आणि उगाचच हसत सुटल्या.

“पुढच्या छपराला तुम्हालाच नेतो,” काका शिडी खांद्यावर टाकत म्हणाले.

“मी चढायची नाही हं! खालूनच ओरडेन.”

काका निघाले. वाऱ्याने त्यांचा सदरा पाठीवर फुगला होता, शिडीचं मागचं टोक पावलागणिक डुलत होतं. बाई गळ्यात टेप घेऊन दारात उभ्या होत्या. माडीच्या खिडकीत लेक होती, खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं. काका वळणाआड जाईपर्यंत दोघी तशाच पाहत राहिल्या.