पाहुणीला पसंत पडलेली टोपली

टोपलीवाल्या आत्यांचा दावा असा, की आपल्या हातच्या टोपलीतून मोहरीचा दाणा गळायचा नाही. हा दावा तपासायला सहसा कुणी जात नसे. गेलंच, तर आत्या चहा पाजत आणि चहाबरोबर बांबूवर व्याख्यानही.

कुंपणातलं एक मुंगूस हळूहळू धीट होऊन अंगणात येऊ लागलं, आत्यांच्या हातून उकडलेलं अंडं घेऊ लागलं, तेव्हा आत्यांनी त्याचं नाव ‘पाहुणी’ ठेवलं आणि लगेच तिच्यासाठी टोपली विणली. हवालदार नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याने भुंकून निषेध नोंदवला आणि कर्तव्य संपलं म्हणून झोपून टाकलं.

पाहुणीने टोपली हुंगली, भोवती एक चक्कर मारली आणि सरळ सरपणाच्या ढिगावर जाऊन धाकटीच्या टोपलीत शिरली.

धाकटी म्हणजे आत्यांची जाऊ, एकाच अंगणात पलीकडच्या खोल्यांत राहणारी. तिने आयुष्यात एकच टोपली विणली होती. त्या टोपलीला एका बाजूने पोट सुटलं होतं आणि जागोजागी बोट जाईल एवढ्या फटी होत्या. “हिच्यात हवासुद्धा टिकायची नाही गं!” आत्या चारचौघींसमोर म्हणाल्या होत्या. सगळ्या हसल्या. धाकटीही हसली, टोपली सरपणावर फेकली आणि पुन्हा बांबूला हात लावला नाही.

आत्यांनी दुसरी टोपली विणली, झाकणाची. मग तिसरी, पसरट तोंडाची.

“गिऱ्हाईक फार चोखंदळ दिसतंय,” नवरा म्हणाला.

“तुम्ही गप्प बसा.”

“मी कुठे काय बोललो? बोलली ती पाहुणी.”

पुढे पाहुणीचं पोट दिसू लागलं आणि नेमका तेव्हाच धाकटीच्या टोपलीचा तळ निसटला. पाहुणी तोंडात सुकं गवत धरून रस्त्याखालच्या मोरीत डोकावू लागली. वरून ट्रॅक्टर धडधडत जायचे. तिथे पिलं झाली तर ती कसली जगतात! आत्या भरल्या ताटावरून उठल्या.

त्या ओट्यावर ठाण मांडून बघत बसल्या, तेव्हा उलगडा झाला. पाहुणी त्या मोडक्या टोपलीच्या फटीला डोळा लावून पडायची. हवालदार कुठे आहे ते दिसल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. आत्यांच्या टोपल्यांत नुसता अंधार.

“हात्तिच्या! विणते की विरळ!” म्हणून आत्या बसल्या. पण बोटं ऐकतील तर ना! पट्टी सैल सोडायची म्हटलं की आपोआप खेचली जायची.

नवऱ्याने टोपली उजेडात धरली. “वाकडी विणायला बसलीस, तीसुद्धा सरळच आली. आता जा पलीकडे.”

“मी? तिच्याकडे?”

“मग काय मोरी झाडून ठेवू?”

आत्या गेल्या. धाकटी भाजी निवडत होती.

“एक टोपली विणून दे.”

“मी? जाऊबाई, माझ्या टोपलीत हवासुद्धा टिकत नाही.”

“नाही टिकत. मला तसलीच हवी आहे.”

“म्हणाला होतात चारचौघींसमोर. आता मागा पण चारचौघींसमोर.”

आत्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मोरीकडे. पदर खोचला आणि कुंपणाशी जाऊन नळावरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “ऐका गं! पाहुणीला माझी टोपली पसंत नाही! धाकटीची आहे! मी तिच्याकडे मागतेय!”

नळावर हशा पिकला. धाकटीने भाजी बाजूला सारली. “पट्ट्या आणा.”

ती विणू लागली. समोर आत्या, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

“इथे दोन घरं सुटली वाटतं,” धाकटी चाचरत म्हणाली. “उसवू?”

आत्यांनी हात आणखी घट्ट दाबले. “नको. मागच्या बाजूलाही एक सोड.”

टोपली जरा उभी राहतेय तोच पाहुणी गवत घेऊन आली. दोघी श्वास रोखून मागे सरकल्या. पाहुणीने फटीतून आत पाहिलं, आत शिरून बाहेर पाहिलं आणि गवत तिथेच ठेवलं.

“अहो, काठ बांधायचा राहिलाय!” धाकटी कुजबुजली.

“हात लावशील तर बघ!” आत्या तितक्याच हळू म्हणाल्या. “झाली आहे टोपली.”